गीतातील निवेदक आणि त्याचा श्रोता : ब्रूस स्प्रिंगस्टीन ह्यांच्या कथागीतांचा भाषिक विचार

१

गाण्यातून गोष्ट सांगणे ही मानवाची फार जुनी रीत आहे. आपल्याकडे अगीनदासाने अफजलखानाच्या वधाचा आणि तुळशीदासाने सिंहगडाचा पोवाडा रचला. इंग्रजी भाषेत 'बॅलड' ह्या नावाने ओळखले जाणारे कथागीत कित्येक शतके लोकांच्या तोंडी राहिले. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड ह्या अमेरिकन पंडितांनी १८८२ ते १८९८ ह्या काळात अशा ३०५ कथागीतांचा पाठभेदांसह संग्रह प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून ह्या वाङ्मयप्रकाराचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला असे म्हणावयास हरकत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत फोफावलेले रॉक संगीत मात्र वरवर पाहता अशा कथनास अनुकूल दिसत नाही. विजेवर चालणाऱ्या गिटारींचा गजर, ड्रमचा आघात, चार-पाच मिनिटांची मर्यादा आणि ऐकण्यापेक्षा नाचण्यास उत्सुक असलेला समुदाय, अशा परिस्थितीत गोष्टीतील बारकावे टिकावेत कसे? तथापि ह्याच माध्यमात ज्यांनी गोष्ट सांगण्याची कला उच्च पदास नेली अशा थोड्या गायक-कवींमध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन ह्यांची गणना करावी लागते. त्यांच्या ह्या गुणाची प्रशंसा पुष्कळांनी केली आहे. कोणी त्यांच्या सहानुभूतीचा उल्लेख करतात, तर कोणी त्यांच्या चित्रदर्शी वर्णनांचा. हे गुण त्यांच्या ठायी आहेतच. परंतु ते इतरांपाशीही आढळतात. प्रस्तुत लेखात मांडावयाचा मुद्दा थोडा निराळा आहे. स्प्रिंगस्टीन ह्यांच्या कथनकौशल्याचे मर्म, गोष्ट कोण सांगतो ह्याइतकेच ती कोणाला सांगितली जात आहे ह्या गोष्टीत आहे, आणि हे मर्म त्यांच्या भाषेच्या अगदी साध्या घटकांतून, विशेषतः संबोधनांतून, उलगडून दाखविता येते.

२

प्रथम थोडी पूर्वपीठिका देणे अवश्य आहे. स्प्रिंगस्टीन ह्यांचा जन्म २३ सप्टेंबर १९४९ रोजी न्यू जर्सी राज्यातील लाँग ब्रँच येथे झाला आणि बालपण त्याच राज्यातील फ्रीहोल्ड ह्या गावी गेले. वडील कधी कारखान्यात, कधी बसचालक म्हणून, तर कधी तुरुंगात पहारेकरी म्हणून काम करीत; आई वकिलांच्या कचेरीत चिटणीस होती. १९७५ साली 'बॉर्न टु रन' ह्या ध्वनिमुद्रिकेने त्यांना कीर्ती मिळाली, आणि १९८० सालच्या 'द रिव्हर' ने ती दृढ झाली.

ह्यानंतर त्यांनी जे केले ते व्यवसायाच्या दृष्टीने धाडसाचे होते. १९८२ सालच्या जानेवारीत न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथील भाड्याच्या घरात, चार मार्गांच्या साध्या कॅसेट-यंत्रावर, त्यांनी एकट्याने काही गीते मुद्रित केली. साथीला बहुतेक ठिकाणी त्यांचीच गिटार आणि माउथ ऑर्गन. ही केवळ पूर्वतयारी होती. पुढे वाद्यवृंदासह तीच गीते पुन्हा मुद्रित करावयाची होती. त्याप्रमाणे प्रयत्न झालेही, पण गीतांतील काहीतरी हरवत आहे असे आढळून आले. अखेर घरी केलेली ती कॅसेटच ३० सप्टेंबर १९८२ रोजी 'नेब्रास्का' ह्या नावाने ध्वनिमुद्रिका म्हणून प्रसिद्ध झाली. ह्या एकाच संग्रहातील दहा गीतांवर आपण येथे मुख्यतः दृष्टी ठेवू, कारण त्यांच्या कथनपद्धतीचे सर्व विशेष येथे एकवटले आहेत.

३

शीर्षकगीत घडलेल्या घटनांवर आधारलेले आहे. १९५८ सालच्या जानेवारीत चार्ल्स स्टार्कवेदर नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने नेब्रास्का व वायोमिंग ह्या राज्यांत, चौदा वर्षांच्या मैत्रिणीसह मोटारीतून हिंडत, थोड्याच दिवसांत दहा माणसे मारली. त्यापूर्वी एक खून त्याने केलेला होताच. २५ जून १९५९ रोजी त्याला देहान्त शासन झाले. ह्या प्रकरणाच्या आधारे टेरेन्स मॅलिक ह्यांनी १९७३ साली 'बॅडलँड्स' हा चित्रपट काढला, आणि तो पाहून स्प्रिंगस्टीन ह्यांचे लक्ष ह्या विषयाकडे वेधले गेले.

आता असा विषय हाती आला असता कवीपुढे दोन सरळ वाटा असतात. जुन्या कथागीताच्या कर्त्याप्रमाणे तृतीयपुरुषी निवेदन करून अंती बोध द्यावा, ही एक. किंवा गुन्हेगाराच्या मनात शिरून त्याचे आत्मनिवेदन करवावे, ही दुसरी. स्प्रिंगस्टीन दुसरी वाट धरतात, परंतु तिला एक वळण देतात. त्यांचा निवेदक 'मी' म्हणून बोलतो, आणि बोलता बोलता समोरच्या कोणा अनामिकाला 'सर' असे संबोधितो. हा एकच शब्द सर्व दृश्य पालटून टाकतो. हे मनाशी चाललेले चिंतन नसून कोणीतरी अधिकारी व्यक्ती समोर बसली आहे, प्रश्न विचारीत आहे, आणि निवेदक त्याला जबाब देत आहे, हे श्रोत्याच्या ध्यानात येते.

मराठी वाचकाने येथे थोडी सावधगिरी बाळगावयास हवी. आपल्याकडे 'सर' हा शब्द मुख्यत्वे शिक्षकास उद्देशून रूढ झाला आहे. अमेरिकन बोलीत तो सैनिक अधिकाऱ्यास, आरोपी न्यायाधीशास आणि नोकर धन्यास उद्देशून वापरतो. शिवाय दक्षिणेकडील व मध्य-पश्चिमेकडील खेड्यांत वाढलेला तरुण कोणाही वडीलधाऱ्या पुरुषाशी बोलताना सभ्यतेने तो उच्चारतो. आपल्या 'साहेब' ह्या शब्दाची छटा त्याच्या अधिक जवळ आहे. दुसरी गोष्ट अशी की, मराठीत बोलणारा आणि ऐकणारा ह्यांचा परस्परसंबंध तू, तुम्ही, आपण ह्या सर्वनामांत आणि क्रियापदाच्या रूपांत उघड होतो. 'ऐक' म्हणावे की 'ऐका' म्हणावे हे ठरविल्याखेरीज आपल्याला वाक्यच पुरे करता येत नाही. प्रमाण इंग्रजीतील एकवचनी जुने सर्वनाम काही शतकांपूर्वीच व्यवहारातून गेले आणि सर्वांना उद्देशून एकच सर्वनाम उरले. त्यामुळे दर्जाचा भेद दाखविण्याचे जे काम मराठीत सर्व वाक्यभर वाटलेले असते, ते तेथे पुष्कळदा एकट्या संबोधनावर येऊन पडते. स्प्रिंगस्टीन ह्यांनी ह्या छोट्या शब्दाकडून एवढे मोठे काम करून घेतले, ते ह्या व्याकरणामुळे शक्य झाले.

संग्रहभर हे संबोधन पुन्हा पुन्हा येते. टेकडीवरच्या श्रीमंती वाड्याकडे गावातून पाहत राहणाऱ्या मुलाची आठवण सांगणारा माणूस 'सर' म्हणतो. जुनी, वापरलेली मोटार विकत घेणाऱ्या बापाची लाचारी पाहिलेला मुलगा 'मिस्टर' म्हणतो. रात्रीच्या रस्त्याने मोटार हाकणारा एकजण वाटेत भेटू शकणाऱ्या पोलिसाला मनोमन विनवितो, तेव्हाही आधी 'मिस्टर' लावतो. शेवटच्या गीतात माणसांच्या चिवट श्रद्धेविषयी आश्चर्य करणारा निवेदकही हे आश्चर्य एका 'सर' ला सांगतो.

आपल्या जात्यावरच्या ओव्यांशी तुलना केल्यास ह्यातील वेगळेपण स्पष्ट होईल. ओवी गाणारी स्त्री 'बाई' किंवा 'सखे' म्हणून साद घालते. ती साद समान पातळीवरची आहे, तिच्यात विश्वास आहे. पोवाड्याचा शाहीर भरल्या सभेस उद्देशून गातो आणि झीलकरी त्याचा सूर उचलून धरतात. तेथे श्रोते व शाहीर एकाच अभिमानाचे भागीदार असतात. 'नेब्रास्का' मधील साद खालून वर जाणारी आहे. बोलणाऱ्याला माहीत आहे की ऐकणारा आपल्यातला नाही. आणि गीत ऐकणारे आपण कोण? त्या 'सर' ची जागा रिकामी आहे, आणि ध्वनिमुद्रिका लावणारा प्रत्येकजण नकळत त्या जागी जाऊन बसतो. न मागता आपल्याकडे न्यायाधीशाचे पद येते. ह्या गीतांतून जी अस्वस्थता निर्माण होते तिचे मूळ येथे आहे.

४

श्रोता पालटला की वाक्याचा अर्थ कसा पालटतो, ह्याचा एक उत्तम नमुना ह्याच संग्रहात आहे. 'अटलांटिक सिटी' ह्या गीताचा निवेदक आपल्या प्रेयसीशी बोलत आहे. न्यू जर्सीतील ह्या समुद्रकाठच्या शहरात १९७६ सालच्या जनमताने जुगारगृहांस परवानगी मिळाली, १९७८ साली पहिले जुगारगृह उघडले, आणि पैशाबरोबर गुन्हेगारांच्या टोळ्यांचीही तेथे चढाओढ सुरू झाली. बचत संपलेला हा तरुण प्रेयसीला नटूनथटून तेथे यावयास सांगतो, आणि जाता जाता, कोणासाठी तरी एक लहानसे काम पत्करले आहे असे सुचवितो. ते काम कोणते, हे तो सांगत नाही, आपण ओळखतो.

'जॉनी ९९' ह्या गीतातील राल्फ हा माह्वा येथील मोटारीच्या कारखान्यातून काढून टाकलेला कामगार आहे. तेथील फोर्ड कंपनीचा कारखाना १९८० साली खरोखरच बंद झाला होता. दारूच्या नशेत राल्फ एका रात्रपाळीच्या कारकुनास गोळी घालतो आणि न्यायालयात त्याला एकूण ९९ वर्षांची शिक्षा होते. गीताचा आरंभ तृतीयपुरुषात आहे. परंतु न्यायाधीशांनी काही सांगावयाचे आहे काय असे विचारल्यावर राल्फ स्वतः बोलू लागतो, आणि 'तो' चा 'मी' होतो.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, सचोटीने राहून फेडता येणार नाही अशा कर्जाचा उल्लेख दोन्ही गीतांत जवळजवळ त्याच शब्दांत येतो. मौखिक काव्याच्या अभ्यासकांना अशी पुनरुक्ती परिचित आहे. अल्बर्ट लॉर्ड ह्यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या 'द सिंगर ऑफ टेल्स' ह्या ग्रंथात, ठरावीक शब्दसमूहांच्या आधारे गायक काव्य कसे उभे करतो ह्याचे विवेचन आहे. परंतु तेथे पुनरुक्तीचे प्रयोजन मुख्यतः रचनेच्या सोयीचे असते. येथे तीच पुनरुक्ती तुलनेस निमंत्रण देते. प्रेयसीला सांगितले असता हे वाक्य गुन्ह्याच्या आधीचे आहे. ते निमित्त आहे, थोडेसे आर्जव आहे. न्यायाधीशाला सांगितले असता तेच वाक्य गुन्ह्याच्या नंतरचे आहे. ते कैफियत होते, आणि तिचा उपयोग नाही हे बोलणाऱ्यासही ठाऊक आहे. शब्द तेच, कर्जही कदाचित तेवढेच. मधल्या अवधीत एक माणूस मेला आहे. दोन गीते शेजारी ठेवली म्हणजे पहिल्या तरुणाचे पुढे काय होणार, हे कोणी न सांगताच आपल्याला दिसू लागते.

५

कथनाच्या घडणीविषयी भाषाशास्त्रात विल्यम लबॉव्ह व जोशुआ वॅलेत्स्की ह्यांनी १९६७ साली एक मूलगामी निबंध लिहिला. सामान्य माणसे आपल्या आयुष्यातील प्रसंग तोंडी कसे सांगतात हे तपासून त्यांनी कथनाची अंगे निश्चित केली. १९७२ साली लबॉव्ह ह्यांनी केलेल्या विस्तारात ती सहा झाली : आरंभीचा सारांश, पार्श्वभूमी, गुंतागुंत, मूल्यमापन, उकल आणि समारोप. ह्यांपैकी मूल्यमापन हे अंग फार महत्त्वाचे. 'मग काय झाले?' ह्या प्रश्नाचे उत्तर गुंतागुंत व उकल देतात; 'पण हे मला का सांगतोस?' ह्या प्रश्नाचे उत्तर मूल्यमापन देते.

ह्या आराखड्याच्या उजेडात 'हायवे पॅट्रोलमन' हे गीत पाहावे. निवेदक जो रॉबर्ट्स हा पोलीस सार्जंट आहे. तो प्रथम आपले नाव, हुद्दा आणि ठाणे सांगतो; ही पार्श्वभूमी तर आहेच, पण तिचा घाट सरकारी जबानीचा आहे. त्याचा भाऊ फ्रँकी हा लहानपणापासून वाया गेलेला. १९६५ साली फ्रँकी सैन्यात गेला. जो शेतीसाठी मागे राहिला, त्याने मारियाशी लग्न केले, आणि गव्हाचे भाव कोसळल्यावर नाइलाजाने पोलिसात शिरला. एके रात्री दारूच्या गुत्त्यात फ्रँकीच्या हातून एक मुलगा रक्तबंबाळ होतो. जो त्याच्या मोटारीचा पाठलाग करतो. कॅनडाची सरहद्द पाच मैलांवर आली असता आपली गाडी रस्त्याच्या कडेस घेतो, आणि भावाच्या गाडीचे मागचे दिवे दिसेनासे होईपर्यंत पाहत राहतो.

उकल कोठे आहे? तो मुलगा जगला की मेला, जोवर चौकशी आली की नाही, दोघे भाऊ पुन्हा भेटले काय, ह्यांपैकी काहीच सांगितलेले नाही. मूल्यमापन आहे, परंतु ते म्हणीवजा एका सर्वसाधारण वाक्यात आहे : घरच्या माणसाकडे पाठ फिरविणारा माणूस भला नव्हे, अशा अर्थाचे. माणूस स्वतःच्या कृतीचे समर्थन करू शकत नाही तेव्हा तो म्हणीचा आश्रय घेतो, हा आपलाही नित्याचा अनुभव आहे. म्हण सर्वांची असते, म्हणून तिची जबाबदारी एकट्यावर येत नाही. जो हे वाक्य पालुपदाबरोबर पुन्हा पुन्हा उच्चारतो, आणि ते जितक्या वेळा उच्चारतो तितकी त्याची स्वतःची खात्री डळमळीत असल्याची आपली समजूत दृढ होते.

पालुपदातील चित्रही असेच दुहेरी आहे. दोघे भाऊ हसतखेळत, पाळीपाळीने मारियाबरोबर नाचत आहेत, आणि वाद्यवृंद जॉन्सटाउनच्या महापुराचे एक गाणे वाजवीत आहे. पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउन येथे ३१ मे १८८९ रोजी धरण फुटून २,२०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. सुखाच्या एकमेव आठवणीखाली आपत्तीचा सूर चालू आहे. निवेदक त्याकडे बोट दाखवीत नाही, केवळ उल्लेख करून पुढे जातो. फ्रान्सिस गमिअर ह्यांनी जुन्या कथागीतांचे लक्षण सांगताना, ती कधी उड्या घेत जातात आणि कधी एका जागी रेंगाळतात, असे म्हटले होते. काही वर्षांवरून उडी घेणारे आणि गाडीच्या दिव्यांपाशी रेंगाळणारे हे गीत त्या परंपरेचे खरे वारस आहे. पुढे शॉन पेन ह्यांनी १९९१ साली 'द इंडियन रनर' हा चित्रपट ह्याच गीतावरून काढला. काही मिनिटांच्या गीतात पूर्ण लांबीच्या चित्रपटाचे बीज होते, हे त्यावरून दिसते.

६

ह्या पद्धतीत एक धोकाही आहे, आणि तो स्वतः स्प्रिंगस्टीन ह्यांच्याच वाट्यास आला. 'बॉर्न इन द यू. एस. ए.' हे गीत प्रथम 'नेब्रास्का' च्याच वेळी, एकट्या गिटारीवर, मुद्रित झाले होते. त्यातील निवेदक व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला सैनिक आहे. कारखान्यात त्याला काम मिळत नाही, सरकारी कचेरीत दाद लागत नाही, भाऊ युद्धात गेलेला आहे. परंतु १९८४ साली हे गीत पूर्ण वाद्यवृंदासह प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचे पालुपद जयघोषासारखे गाजू लागले. कडव्यांतील गोष्ट मागे पडली आणि केवळ जन्मभूमीचे नाव उरले. पुष्कळांनी ते देशाभिमानाचे गीत मानले. १९ सप्टेंबर १९८४ रोजी निवडणुकीच्या प्रचारात न्यू जर्सीतील हॅमंटन येथे अध्यक्ष रेगन ह्यांनी स्प्रिंगस्टीन ह्यांच्या गीतांतील आशेच्या संदेशाचा गौरवाने उल्लेख केला. थोड्याच दिवसांनी पिट्सबर्ग येथील कार्यक्रमात स्प्रिंगस्टीन ह्यांनी, अध्यक्षांची आवडती ध्वनिमुद्रिका कोणती असेल बरे, 'नेब्रास्का' तर नसावी, अशा अर्थाचे उद्गार काढले आणि 'जॉनी ९९' म्हटले.

ह्या प्रसंगाकडे केवळ राजकीय विनोद म्हणून पाहणे योग्य होणार नाही. एकाकी आवाजात जे पालुपद तक्रार होते, तेच हजारोंच्या आवाजात घोषणा झाले. कडव्यांत बोलणारा एकटा, पालुपदात बोलणारा समूह. आणि समूहाला समोर कोणी 'सर' नसतो. श्रोत्याची जागा पुसली गेली, आणि जागेबरोबर गोष्टही.

७

एक आक्षेप उरतो. कारखान्याचे काम स्वतः कधीही न केलेल्या, कीर्ती व संपत्ती लाभलेल्या गायकाने बेकार मजुराच्या तोंडून 'मी' म्हणून बोलावे काय? हा आक्षेप, २०१७ साली ब्रॉडवेवरील आपल्या एकपात्री कार्यक्रमात, स्प्रिंगस्टीन ह्यांनी स्वतःवर घेतला; कारखान्याचे तोंड न पाहता आपण जन्मभर त्याविषयी लिहिले, अशी कबुली त्यांनी विनोदाने दिली.

आक्षेप महत्त्वाचा आहे, परंतु त्याचे उत्तर गीतांच्या घडणीतच सापडते. व्याकरणातील प्रथमपुरुष हा बोलणाऱ्याचा पुरुष आहे, लिहिणाऱ्याचा नव्हे. स्प्रिंगस्टीन ह्यांच्या गीतातील 'मी' स्वतःच्या दुःखाची मालकी सांगत नाही. तो कोणा वरिष्ठास उत्तर देण्याच्या प्रसंगात सापडलेला आहे, आणि त्या प्रसंगाची सर्व विषमता त्याच्या संबोधनात आली आहे. गरिबांविषयी कळवळ्याने बोलणारे कवी पुष्कळ झाले. गरिबाला ज्यांच्यापुढे मान खाली घालून बोलावे लागते त्यांची खुर्ची गीतात आणून ठेवणारे थोडे. ती खुर्ची कोणाची, हे कवी सांगत नाही. म्हणूनच ह्या गीतांतील गोष्ट एकदा नीट ऐकली की, पुढे आपल्यासमोर कोणी 'साहेब' म्हणून बोलू लागला तर त्याचे म्हणणे मध्येच तोडणे आपल्याला थोडे अवघड जाते. गोष्ट सांगण्याच्या गुणाची ह्याहून मोठी कसोटी प्रस्तुत लेखकास सुचत नाही.